अंगठ्याची जागा

१

चोराला न्यायचंच होतं तर दवाखान्यात काय कमी होतं? दाराशीच मदतनीस नम्रताचा नवा मोबाइल चार्जिंगला लावलेला होता. आतल्या खोलीत एक्स-रेचं महागडं यंत्र होतं. पठ्ठ्याने कशालाही हात लावला नाही. नेलं काय, तर प्लास्टरचे दात. तेही एका चार वर्षांच्या पोरीचे.

डॉ. हेमा गोगटे फळीसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांचं डोकं सणकलं. कसबा पेठेत लहान मुलांचे दात बघण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांना घाबरायचे ते आईबाप, मुलं नव्हेत. 'प्रश्न मुलाला विचारला आहे, आपण गप्प बसावं,' हे वाक्य पेठेतल्या निम्म्या आयांनी ऐकलेलं होतं. मुलाच्या जबड्याचा साचा घेतला की बाई तो पुठ्ठ्याच्या डब्यात ठेवायच्या, आणि डब्यावर नाव घालायच्या नाहीत. मुलाने स्वतः एक चित्र निवडायचं आणि स्वतःच चिकटवायचं. पोपट, रिक्षा, कलिंगड, काय हवं ते. अक्षरओळख नसलेल्या पोरालाही पुढच्या खेपेला आपला डबा आपल्या हाताने काढता आला पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता.

खालच्या फळीवर खारूताईच्या डब्याची जागा रिकामी होती. शेजारच्या डब्यांवरची धूळसुद्धा हललेली नव्हती. म्हणजे चोर शोधत बसला नव्हता. सरळ आला, एवढ्या गर्दीतून खारूताई उचलली आणि चालता झाला.

खारूताई म्हणजे स्पृहा. पाच वर्षांपूर्वी मंडईतल्या गर्दीत बापाचा हात सुटला आणि ही चार वर्षांची पोर हरवली. गावभर फोटो लागले, आई वेडीपिशी झाली, आणि मग लोक आपापल्या कामाला लागले. आता इतक्या वर्षांनी एका बालगृहात नऊ वर्षांची मुलगी सापडली होती. हीच आपली स्पृहा, असं तिची आत्या शपथेवर सांगत होती. आईने तर पोरीला बघताक्षणी मिठी मारली होती. घोडं अडलं होतं ते पुराव्यावर. स्पृहा दत्तक होती, तेव्हा रक्त तपासायचं ते कुणाच्या रक्ताशी? इतक्या लहान मुलाच्या आधार कार्डावर बोटांचे ठसेही नसतात. तिच्या अंगाची म्हणावी अशी एकच खूण जगात उरली होती, ती म्हणजे हेमाबाईंनी तेव्हा घेतलेला जबड्याचा साचा. बालकल्याण समितीने त्यांचं मत मागितलं होतं. बाईंनी सोमवारी 'हो' म्हटलं की पोरगी आईच्या घरी जाणार होती. 'नाही' म्हटलं की परत बालगृहात.

काल ओळख करून द्यायला सगळी मंडळी दवाखान्यात येऊन गेली होती. बाप सलिल, आई ऋचा, आत्या भाग्यश्री आणि मुलीला घेऊन आलेले बालगृहाचे अधीक्षक दत्तप्रसाद. चौघेही या फळीला लागूनच्याच बाकावर बसले होते, आणि त्यांच्यानंतर कुणी पेशंट आलेला नव्हता.

"म्हणजे बाई, चौघांतलंच कुणीतरी," नम्रता म्हणाली.

"अगदी बरोबर. पण त्यातल्या कुणाकुणाला खारूताई माहीत होती?" हेमाबाई म्हणाल्या.

२

साचा नसला म्हणून तपासणी थांबत नाही. दत्तप्रसाद मुलीला घेऊन आले आणि हेमाबाईंनी त्यांना बाहेरच बसवलं.

बालगृहात पोरीचं नाव शेफाली होतं. पुणे स्टेशनवर सापडली तेव्हा ती स्वतःचं नाव सांगत नव्हती, म्हणून संस्थेनेच ते ठेवलं होतं. खुर्चीत बसल्याबसल्या तिने न सांगता आ केला. बालगृहातली मुलं शहाणी असतात, कारण हट्ट करायचा तो कुणापाशी? आ करायच्या आधी मात्र तिने तोंडातून उजवा अंगठा काढला होता. या अंगठ्यावरूनच आत्याने तिला ओळखलं होतं. स्पृहा अंगठा चोखायची, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

हेमाबाईंनी दिवा पुढे ओढला आणि एकेक दात बघत गेल्या.

वाढत्या वयातला जबडा म्हणजे कुंभाराची ओली माती. गाल दाबतील तसा आत येतो, जीभ ढकलेल तसा बाहेर जातो. अंगठा वर्षानुवर्षं तोंडात राहिला तर वरचे दात पुढे येतात, खालचे आत झुकतात, टाळू अरुंद आणि खोल होतो. तोंड मिटलं तरी पुढच्या दातांत फट राहते. अंगठ्याची जागा. बरं, अंगठा वेळेवर सुटला तर हाच जबडा इतका मोठ्या मनाचा की ओठ, गाल आणि जीभ मिळून सगळं परत जागेवर आणतात. मग पोर कधी चोखत होतं याचा मागमूसही राहत नाही.

शेफालीचे पुढचे पक्के दात आले होते. टाळू छान रुंद होता. वरचे दात खालच्यांवर डब्याच्या झाकणासारखे घट्ट बसत होते. फट म्हणाल तर कागद जाणार नाही.

आता ही स्पृहा असेल आणि तिने लहानपणीच अंगठा सोडला असेल, तर दात असे असू शकतात. पण मग आज तोंडात अंगठा कशाला? आणि तिने अंगठा सोडलाच नसेल, तर मग दात असे असणं शक्य नाही. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असायला काय जादू आहे? बाईंनी तिचा हात हातात घेतला. वर्षानुवर्षं चोखलेल्या अंगठ्याला घट्टा पडतो, नख चपटं होतं. या अंगठ्यावर घट्टा नव्हता. नखाखाली ताजा फोड होता आणि कातडी सोलली होती. बिचाऱ्या अंगठ्याला सवयच नव्हती.

त्यांनी दार उघडून दत्तप्रसादांना विचारलं, की पोरगी कधीपासून चोखते. दत्तप्रसादांनी घाम पुसला. आधी म्हणाले पहिल्यापासूनच असणार, मग म्हणाले पावसाळा संपता संपता लक्षात आलं, मग म्हणाले एवढ्या मुलांत कुणाकुणाचे अंगठे बघायचे. हेमाबाईंनी दार लावून घेतलं.

"शेफाली, हे तुला कुणी शिकवलं?"

पोरीने दाराकडे बघितलं, बाईंकडे बघितलं आणि अंगठा परत तोंडात घातला. फोड दुखला असावा, कारण तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तरी तिने तो काढला नाही. ही सवय पोरीला कुणीतरी मुद्दाम लावली होती, आणि ती मोडली तर काय होईल याची भीतीही बरोबर घातली होती.

३

चोरीचं कळल्यावर दवाखान्यात आलेले इन्स्पेक्टर सर्जेराव पुरंदरकडचे. मान खाली घालून ऐकायचे आणि मधेच एक वाक्य बोलायचे. स्पृहाच्या तपासाचं थडगं त्यांनीच पुन्हा उकरलं होतं, आणि तेही ऋचा रोज चौकीत येऊन बसायची म्हणून. घरच्यांच्या ताब्यातल्या सगळ्या जागा खणायच्या, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यात भाग्यश्रीच्या नवऱ्याचं गोदाम होतं, सलिलचा वारज्याचा प्लॉट होता. वारज्याला तेव्हा बंगल्याचा पाया घातला होता. पोर गेली, बंगला राहूनच गेला.

"परवानगी हातात पडली आन पोरगी सापडली," सर्जेराव म्हणाले. "आता साहेब म्हणत्यात, जिवंत माणसाला जमिनीत कशाला शोधताय?"

त्यांचा संशय भाग्यश्रीवर होता. पोर हरवली तेव्हा ऋचा आईच्या ऑपरेशनसाठी नगरला गेलेली, आणि दिवसभर मुलगी असायची ती आत्याकडे. आता तीच आत्या तिला 'ओळखते'. शिवाय दवाखान्यात पूर्वी स्पृहाला घेऊन यायच्या त्या ऋचा आणि भाग्यश्री दोघीच, म्हणजे खारूताई माहीत असणाऱ्याही त्या दोघीच. हेमाबाईंना हे पटलंही आणि खटकलंही. खोटी मुलगी उभी करणारी बाई मुलीला अंगठा शिकवते आणि दात विसरते, हे ठीक. पण चोरी आणि शिकवणी एकाच हाताची, असं कुणी सांगितलं?

सलिलला भेटायला त्या खराडीला गेल्या. काचेच्या इमारतीत खाली कॉफीचं दुकान होतं, तिथे तो आला. अत्यंत सभ्य माणूस. बाईंसाठी खुर्ची ओढली, साखर विचारली. मग हळूहळू बोलायला लागला. मुलगी दत्तक घेतली आणि थोड्याच दिवसांत कंपनीने त्याला परदेशी धाडलं. स्पृहा मोठी झाली ती फोनवर. तो परत आला आणि आठवड्याच्या आतच तो मंडईतला प्रकार झाला. त्याने फोन टेबलावर ठेवला. पडद्यावर स्पृहा होती, उजवा अंगठा तोंडात, अंगात पिवळा फ्रॉक, आणि फ्रॉकवर कसल्याशा परक्या लिपीतली अक्षरं. बापाने तिकडून पाठवला असेल, असं बाईंच्या मनात येऊन गेलं.

"तीन वर्षं मी तिला इथेच बघितलं, मॅडम. या एका फोटोत."

मग त्याने स्वतःहून सांगितलं, की बालगृहात तो वर्षभर दर शनिवारी कॉम्प्युटर शिकवायला जातो. ही मुलगी समोर बसायची आणि त्याने ओळखली नाही. ओळखली ती ताईने, एकदा सहज बरोबर आली तेव्हा. हे सांगताना त्याने फोनचा पडदा रुमालाने पुसला. हेमाबाईंना सहसा कुणाची दया येत नाही, पण त्या वेळी आली, हे खरं.

परत येऊन त्यांनी चौघांनाही फोन केले आणि मुद्दाम एवढंच सांगितलं की दवाखान्यातून एक डबा चोरीला गेला आहे. कसला, कुणाचा, काही नाही. दत्तप्रसाद म्हणाले, माझ्या पिशवीत काही नव्हतं हो. भाग्यश्रीने साधा कॅमेरा बसवता येत नाही का म्हणून बाईंनाच झापलं. सलिलने विचारलं, काही व्हॅल्युएबल होतं का.

ऋचाला कसला डबा ते विचारावंसंच वाटलं नाही.

"मग आता सोमवारी तिचे दात ताडून नाही ना बघता येणार?" तिने विचारलं.

४

ऋचाने दार उघडलं, हेमाबाईंचा चेहरा बघितला आणि वाद घातला नाही. स्वयंपाकघरात जाऊन तिने तांदळाचा डबा खाली काढला, कोपरापर्यंत हात घातला आणि खारूताई वर काढली.

पोरीसाठी खोली सजवून तयार होती. नवी चादर, नवी चप्पल, नव्या चपलेला अजून दुकानातला दोरा. हेमाबाईंना तिथे उभं राहवेना.

"ही ती नाही, हे तुम्हाला कळलं आहे," त्या म्हणाल्या.

"पहिल्याच दिवशी." ऋचा ओट्याला टेकून उभी होती. "पण तिने माझी ओढणी धरली आणि सोडेना. डॉक्टर, पाच वर्षं मी या घरात भिंतींशी बोलते. मला फोडून काढलंत तरी मी तिला स्पृहाच म्हणेन. तुमचं काय जाणार आहे? एक 'हो' म्हणा. तिलाही आई नाही."

खरं सांगायचं तर हेमाबाईंनाही 'हो' म्हणून टाकावंसं वाटलं. त्यांनी उगाच काहीतरी करायचं म्हणून साचा उघडला. वरचा जबडा, खालचा जबडा. वीस दुधाचे दात. दोन्ही मिटवले आणि पुढची फट दिसली, मुलीच्या डाव्या बाजूला जास्त रुंद.

"डावा अंगठा," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

"डावाच. उजव्या हातात माझी ओढणी असायची ना झोपताना." ऋचाने डोळे पुसले. "ही उजवा चोखते. पहिल्यांदा तेच खुपलं मला. मग म्हटलं, बदलला असेल हात. मनाला काय, काहीही समजावता येतं."

हेमाबाईंनी साचा खाली ठेवला. ज्याने शेफालीला शिकवलं त्याला स्पृहाचा अंगठा माहीत होता, पण हात माहीत नव्हता. पण सलिलच्या फोनवर तर उजवाच होता की. त्यांनी त्या फोटोचं विचारलं.

तो आपणच काढला होता, असं ऋचा म्हणाली. दोघींचा मिळून, पुढच्या कॅमेऱ्याने, सलिलला पाठवायला. त्याने मग त्यातून ऋचाला कापून एकट्या स्पृहाचा करून घेतला. त्या जुन्या फोनमध्ये असे फोटो आरशासारखे उलटे यायचे.

"आणि तो फ्रॉक? सलिलने पाठवलेला?"

"छे हो, तुळशीबागेतला. त्याच्यावर 'सोनपरी' लिहिलेलं होतं."

परकी लिपी बिपी काही नव्हती. उलटी मराठी होती. हेमाबाई तांदूळ सांडलेल्या ओट्याकडे बघत राहिल्या. ऋचाने मुलीला रोज झोपवलं होतं. भाग्यश्रीने तिला दिवसदिवस सांभाळलं होतं. त्या दोघींची हाताची चूक होणं शक्यच नव्हतं. दत्तप्रसादांनी गावात लागलेला फोटो बघितला असेल, पण त्यात पोरीचं तोंड मिटलेलं होतं. या घरातल्या एकाच माणसाने आपली मुलगी बघितली होती ती काचेतून, आणि दर शनिवारी शेफालीच्या समोर बसत होता तोही तोच.

त्यांनी ऋचाला यातलं काही सांगितलं नाही. उद्या तुम्ही दोघं दवाखान्यात या, एवढंच म्हणाल्या, आणि बाहेर पडताना त्या नव्या चपलांकडे बघायचं टाळलं.

५

सलिल आला तो हातात मिठाईचा पुडा घेऊन. आत सर्जेराव बसलेले बघून त्याने पुडा हळूच बाजूला ठेवला. ऋचा दाराजवळच्या स्टुलावर बसली.

हेमाबाईंनी आडवळण घेतलं नाही. दात, फोड, उजवा अंगठा, उलटा फोटो, सगळं सांगून टाकलं. संपल्यावर सलिलने चष्मा काढला.

"हो, मीच शिकवलं," तो म्हणाला. "ऋचासाठी. ती रोज चौकीत जाऊन बसायची, जेवायची नाही. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की ही असंच करत राहिली तर जगणार नाही. त्या मुलीला आई नव्हती, हिला मुलगी नव्हती. मॅडम, यात मी कुणाचं वाईट केलं ते सांगा."

सर्जेरावांनी मान खाली घातली. ऋचाने नवऱ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात राग नव्हता. कितीतरी वर्षांनी कुणी आपल्यासाठी काही केलं, असंच तिला वाटलं असावं. तेच हेमाबाईंना असह्य झालं.

"सलिल, खरी परत आली असती तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे असं, की मूल हरवलेला बाप दार उघडं ठेवतो. उद्या खरी स्पृहा दारात उभी राहील, ही आशा त्याला असतेच. तिच्या जागी दुसरी आणून बसवायची तर खरी येणार नाही याची खात्री लागते. तुम्हाला ती कुठून आली? आणि वारज्याचा प्लॉट खणायची परवानगी निघाली त्याच सुमाराला कशी आली?"

सलिल हसायचा प्रयत्न करत म्हणाला, की हा नुसता तर्क आहे. होताच. हेमाबाईंनी तो तसाच राहू दिला आणि साचा त्याच्यासमोर ठेवला. हा तुम्ही आज पहिल्यांदाच बघताय, त्या म्हणाल्या. ही बघा अंगठ्याची जागा. पण हा टाळू बघा, नुसत्या अंगठ्याने एवढा चिंचोळा होत नाही. हा तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलीचा जबडा आहे. नाकामागच्या गाठी इतक्या वाढल्या होत्या की नाक असून नसल्यासारखं. हे मी ऋचाला सांगितलं होतं, नाकाच्या डॉक्टरांची वेळही घेऊन दिली होती. झोपेत या पोरीचं तोंड मिटलं असतं तर तिला हवा मिळाली नसती.

सलिल साच्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा प्लास्टरसारखाच झाला.

"मला कुणी सांगितलंच नाही हे," तो पुटपुटला. "पट्टी लावताना मला काय माहीत?"

"कसली पट्टी?" सर्जेरावांनी विचारलं.

मग ते सगळं बाहेर आलं. परत आलेल्या बापाला पोरगी 'काका' म्हणायची. त्याच्याजवळ जायची नाही. पाहुण्यांसमोर अंगठा तोंडात, लाळ फ्रॉकवर. ऋचा आणि ताई लाड करून वाया घालवतात, असं त्याचं मत झालं. ऋचा नगरला गेली आणि त्याला वाटलं, एका रात्रीत सोक्षमोक्ष लावून टाकू. परदेशातून आलेल्या खोक्यांची तपकिरी चिकटपट्टी होती, ती त्याने तिच्या तोंडावर लावली. तिने ती ओढून काढली, म्हणून दुसऱ्यांदा लावताना हात बांधले. मग शेजारच्या खोलीत जाऊन कानाला हेडफोन लावून तो तिकडच्या ऑफिसशी बोलत बसला. सकाळी उठवायला गेला. वारज्याला त्याच दिवशी बंगल्याच्या पायात काँक्रीट पडायचं होतं. मंडई त्यानंतरची.

ऋचा ओरडली नाही. तिने फक्त विचारलं, "हात कशाने बांधलेस?"

"तुझी ओढणी होती. तिच्या उशाशी."

"हिरवी?"

त्याने मान हलवली.

"शोधत होते मी ती," ऋचा म्हणाली.

६

वारज्याच्या बंगल्याच्या पायात, जिथे स्वयंपाकघर व्हायचं होतं त्या कोपऱ्यात, यंत्राला फार वेळ लागला नाही. हिरव्या कापडाचा विटका गोळा निघाला. ओळख पटवायला हेमाबाईंना बोलावलं.

लहान मुलाचा जबडा त्यांनी जन्मभर बाहेरून बघितला होता. हा आतून दिसत होता. वर दुधाचे दात नीट रांगेत, आणि खालचं हाड एका बाजूला फुटलं होतं तिथे आतले पक्के दात, अर्धेमुर्धे बनलेले, आपली पाळी यायची वाट बघत बसलेले. वाढायची सगळी तयारी करून ठेवली होती पोरीने. बाईंनी साचा शेजारी ठेवून बघितला. फट डाव्या बाजूला होती. त्यांनी सर्जेरावांना 'हो' म्हटलं. ज्या 'हो'साठी ऋचा त्यांच्या पाया पडायला तयार होती, तो हा असा दिला.

समितीला त्यांनी शेफालीबद्दल 'नाही' कळवलं. तरी त्या ऋचाकडे एकदा गेल्या. रीतसर दत्तक घेता येईल, म्हणाल्या, वेळ लागेल पण मी शब्द टाकीन. ऋचाने शांतपणे ऐकून घेतलं. सजवलेली खोली तिने रिकामी केली होती.

"त्याने शिकवलेलं तोंड मला माझ्या घरात नको," ती म्हणाली. "तुम्हीच म्हणालात ना, ही नाही म्हणून? मग झालं."

दिवाळी झाली, थंडी पडली. हेमाबाई बालगृहातल्या मुलांचे दात बघायला गेल्या, खरं तर एकाच मुलीचे. शेफाली रांगेत सगळ्यांच्या मागे उभी होती, उजवा अंगठा तोंडात. फोड बरा झाला होता. त्या जागी छान जाड घट्टा पडला होता.

"आता सोडायचा की अंगठा," बाई म्हणाल्या. "आता कुणी रागावणार नाही."

"आता नीट जमतं मला," शेफाली म्हणाली. "झोपेतपण सुटत नाही. तेव्हा नीट येत नव्हतं ना, म्हणून त्या आईने नेलं नाही."

हेमाबाईंनी तिला आ करायला सांगितलं. झाकणासारखे घट्ट बसणारे ते दात आता मिटत नव्हते. पुढे, उजव्या अंगाला, तांदळाचा दाणा जाईल एवढी फट पडली होती. जबड्याला कोण सांगणार, की हा अंगठा खोटा आहे म्हणून? त्याने आपली जागा करून दिली होती.

त्यांनी साचा घेतला, डब्यात ठेवला आणि चित्रांचे कागद तिच्यापुढे पसरले. पोपट, रिक्षा, कलिंगड, कुठलंही घे म्हणाल्या. पोरीने सगळी चित्रं नीट बघितली.

"त्या स्पृहाने कुठलं घेतलं होतं?" तिने विचारलं. "मला तेच द्या."

हेमाबाईंनी शोधून खारूताई काढून दिली. शेफालीने ती डाव्या हाताने, जरा वाकडीच, चिकटवली, कारण उजव्या हाताचा अंगठा तोंडात होता.